कुस्ती मारणारी आणि कुस्ती ठरविणारे

दसऱ्याच्या दिवसांत हिंगोलीस मोठा मेळा भरतो आणि त्यांत कुस्त्यांचा फड लागतो. हिंगोली हें आज जिल्ह्याचें ठिकाण आहे. १९९९ सालीं परभणीपासून तो जिल्हा वेगळा झाला. परंतु फडाची रीत जिल्ह्याहून पुष्कळ जुनी आहे आणि मराठवाड्यांतल्या गांवोगांवच्या जत्रांतून ती सारखीच आढळते. हलगी कडाडूं लागली, कीं पोरें लंगोट कसून मातींत उतरतात. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात. ऊन उतरतें तशा मोठ्या कुस्त्या सुरू होतात, आणि दिवस मावळण्याच्या सुमारास मानाची शेवटची कुस्ती होते. साऱ्यांचे डोळे दोन मल्लांवर खिळलेले असतात. परंतु त्याच आखाड्याच्या कडेला एक तिसरा मनुष्य उभा असतो. त्याच्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. त्याच्या हातांत कागद असतो आणि बगलेंत पैशांची पिशवी असते. कोणाची जोड कोणाशीं लावावयाची, इनाम किती ठेवावयाचें, रेंगाळलेली कुस्ती केव्हां सोडवावयाची, हें सारें तो ठरवितो. बळ मल्लाच्या अंगांत असतें. तें कोणापुढें आणि किती मोलानें खर्च व्हावें, हें मात्र त्या तिसऱ्याच्या हातीं असतें.

कुस्ती मारणें ही एक विद्या आहे. कुस्ती ठरविणें ही दुसरी. पहिल्या विद्येंत जिनें भल्याभल्या पुरुषांना आस्मान दाखविलें, तिला दुसरी विद्या कोणीं हातीं घेऊं दिली नाहीं, अशा एका स्त्रीची ही हकीकत आहे. तिचें नांव हमीदाबानू. तिचा जन्म महाराष्ट्राबाहेरचा. पण तिच्या पराक्रमाची मोठी कसोटी मुंबई, पुणें आणि कोल्हापूर या तीन ठिकाणीं लागली, आणि तिच्या आयुष्याचा शेवट कल्याणांत झाला.

संस्थानी काळीं कुस्ती ठरविणारा म्हणजे राजा. करवीरचे शाहूमहाराज १९०२ सालीं विलायतेच्या प्रवासास गेले असतां त्यांनीं रोम येथील कोलोसियम पाहिलें, आणि पुढें कोल्हापुरांत खासबागेचें मैदान बांधविलें. तें १९१२ सालीं पुरें झालें. राजाश्रयाच्या पैलवानास खुराकाची चिंता नसे. मात्र राजा सांगेल त्याच्याशीं त्यानें लढावें, असा तो करार होता. संस्थानें विलीन झालीं आणि राजाची जागा तिकिटें विकणाऱ्या ठेकेदाराकडे गेली. ज्यास ठेकेदार नको असे, त्याच्या पाठीशीं दुसरा कोणी तरी उभा राहावा लागे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले, तेव्हां वाटखर्चासाठीं कोल्हापूरचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनीं तेथें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताला मिळालेलें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. एवढा मोठा मल्ल, पण त्यालाहि आखाड्याच्या काठावर एका भल्या माणसाची गरज पडली. हमीदाबानूंच्या पाठीशीं राजाहि नव्हता आणि प्राचार्यहि नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभीं उत्तरेंत त्यांचा जन्म झाला. बाईनें मातींत उतरावें हें त्या मुलखांतल्या लोकांना रुचणारें नव्हतें. मिर्झापूर सोडून त्या अलिगडला आल्या आणि सलाम पैलवान नांवाच्या वस्तादाच्या हाताखालीं त्यांनीं मेहनत केली. पुढें हाच वस्ताद त्यांच्या कुस्त्यांचा कारभारीहि झाला. वर्तमानपत्रांनीं त्यांना 'अलिगडची ॲमेझॉन' असें नांव दिलें. ॲमेझॉन म्हणजे ग्रीक पुराणांतल्या युद्धनिपुण स्त्रिया. त्यांची उंची ५ फूट ३ इंच आणि वजन १०८ किलो. दिवसाचे ६ तास मेहनत आणि ९ तास झोप. खुराकाची यादी तर वर्तमानपत्रांतून मोठ्या चवीनें छापून येई: रोज साडेपांच लिटरांहून अधिक दूध, जवळजवळ किलोभर मटण, एक कोंबडी, ६ अंडीं, अर्धा किलो लोणी, ४५० ग्रॅम बदाम, आणि वर बिर्याणीच्या दोन थाळ्या. बातमीदारांना बाईंच्या डावांपेक्षां बाईंच्या ताटाचें नवल अधिक वाटत होतें असें दिसतें. परंतु या यादींत एक व्यवहार दडलेला आहे. असा खुराक नित्य चालावयाचा तर कुस्त्याहि नित्य मिळाल्या पाहिजेत. आणि कुस्त्या मिळविणें ठरविणाऱ्याच्या हातीं होतें.

याचा पहिला मोठा प्रत्यय १९४४ सालीं मुंबईस आला. गुंगा पैलवानाशीं त्यांची जोड ठरली होती आणि ती पाहण्यास सुमारें २०,००० लोक जमले होते. आयत्या वेळीं गुंगा पैलवानानें आणखी पैसे मागितले, तयारीला आणखी मुदत मागितली, आणि कुस्ती मोडली. खवळलेल्या लोकांनीं मैदानाची मोडतोड केली. हमीदाबानू लढावयास तयार होत्या. मोडलें तें दुसऱ्या बाजूनें. तिकिटें ज्यांनीं विकलीं ते निराळे, मागण्या ज्यानें केल्या तो निराळा, आणि नांव मात्र सर्वत्र बाईंचें झालें.

१९५४ च्या फेब्रुवारींत त्यांनीं जाहीर केलें कीं, जो पुरुष आपणांस कुस्तींत हरवील त्याच्याशीं आपण लग्न करूं. पुराणांतल्या स्वयंवराची येथें आठवण होते. जनकानें शिवधनुष्याचा पण लावला, द्रुपदानें मत्स्यवेधाचा. दोन्ही ठिकाणीं पण लावणारा बाप होता, आणि कन्या माळ हातीं घेऊन उभी होती. येथें पण लावणारी स्त्री स्वतःच होती, आणि धनुष्यहि तीच होती. या घोषणेनें तिकिटें खपलीं असतील यांत शंका नाहीं. पण ती पोकळ नव्हती, हेंहि लवकरच दिसून आलें. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक, असे दोन नामांकित पैलवान त्यांनीं पाठोपाठ पाडले. मे महिन्यांत त्या बडोद्यास आल्या. तेथें बडोदेकर महाराजांच्या आश्रयाच्या छोटे गामा पैलवानाशीं जोड होती. त्यानें, बाईशीं आपण लढणार नाहीं, असें सांगून ऐन वेळीं माघार घेतली. मग बाबा पैलवान पुढें झाला. ती कुस्ती १ मिनिट ३४ सेकंदांत निकाली झाली, आणि बाबा पैलवान चीतपट झाला. एव्हांना आपण ३०० हून अधिक कुस्त्या मारल्या आहेत असें हमीदाबानूंचें सांगणें होतें.

मराठी मुलखानें मात्र त्यांचें स्वागत निराळ्या रीतीनें केलें. कोल्हापुरांत त्यांनीं शोभासिंग पंजाबी यास पाडलें, तेव्हां प्रेक्षकांनीं हुर्यो करून दगडफेक केली. लोकांना आवरावयास पोलीस बोलवावे लागले, आणि कुस्ती लुटुपुटूची होती असा बोभाटा झाला. पुण्यांत रामचंद्र साळुंके यांच्याशीं ठरलेली कुस्ती तेथील कुस्तीसंघानें हरकत घेतल्यामुळें होऊंच शकली नाहीं. हमीदाबानूंनीं मुंबई राज्याचे तेव्हांचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. त्यांचें उत्तर असें आलें कीं, बाई स्त्री आहेत म्हणून बंदी घातलेली नाहीं. कुस्त्यांचे ठेकेदार त्यांच्यासमोर नकली पैलवान उभे करतात अशा तक्रारी आल्या, म्हणून ती घातली आहे.

या उत्तराचा नीट विचार करण्यासारखा आहे. त्या काळीं तिकिटावरच्या कुस्त्यांत लबाडी मुळींच नव्हती, असें कोणी म्हणणार नाहीं. हार आधींच ठरवून मग मातींत उतरणें ही युक्ति जुनीच आहे, आणि चांगल्या वस्तादांनीं नेहमींच तिचा तिटकारा केला आहे. तेव्हां तक्रारींत अगदींच अर्थ नव्हता असें नाहीं. पण नकली जोड लावली असेल तर ती लावली कोणीं? ठेकेदारानें. गुन्हा ज्याच्या माथीं येतो तो ठरविणारा, आणि दार बंद झालें तें लढणारीला. त्याच वर्षांत मुंबईंत किंगकाँगसारख्या धिप्पाड परदेशी मल्लांच्या व दारासिंगाच्या कुस्त्या तिकीट लावून चालत होत्या. त्याहि सर्वच खऱ्या होत्या अशी हमी कोणी देत नव्हतें. पुरुष जिंकला कीं तो बलवान ठरतो, आणि स्त्री जिंकली कीं समोरचा नकली ठरतो. या न्यायाला कोणत्याहि डावानें उत्तर देतां येत नाहीं.

नेमक्या याच काळांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक स्त्री हेंच दुखणें सोसत होती. अमेरिकेंतल्या कॅन्सास प्रांतांत १९१५ सालीं जन्मलेली मिल्ड्रेड बर्क ही जत्रांतून पुरुषांशीं कुस्ती खेळत पुढें आली. आपण २०० हून अधिक पुरुषांशीं लढलों आणि एकदांच हरलों, असें ती सांगे. तिचा नवरा बिली वुल्फ हाच तिचा व्यवस्थापक होता. अमेरिकेंत या व्यवस्थापकाचें काम म्हणजे जोड ठरविणें, करार करणें, जाहिरातीसाठीं बोलणें आणि मिळकतींतला वाटा घेणें. वुल्फनें बायकोचा पैसा घेतला आणि तिला मारहाणहि केली. १९५२ सालीं तिनें घटस्फोट घेतला. १९५४ च्या ऑगस्टांत अटलांटा येथें वुल्फच्या गोटांतल्या जून बायर्स हिच्याशीं तिची कुस्ती झाली. पहिला डाव बायर्सनें घेतला. दुसरा निकाली न होतांच कुस्ती थांबविण्यांत आली, आणि तरीहि विजेती म्हणून बायर्सचा गाजावाजा झाला. आखाडा वुल्फच्या बाजूचा होता, हेंच त्याचें कारण.

परंतु मिल्ड्रेड बर्कची हकीकत तेथें संपली नाहीं. तिनें स्वतःच संस्था काढली, स्वतः जोडी लावल्या, आणि मुलींना कुस्ती शिकविण्याची शाळा चालविली. १९५४ च्याच अखेरीस ती आपला संच घेऊन जपानला गेली, आणि जपानांतल्या स्त्रियांच्या कुस्तीला तेथून चालना मिळाली. पुढें १९८० नंतर अमेरिकेंत स्त्री व्यवस्थापक ही नवलाची गोष्ट राहिली नाहीं. एलिझाबेथ ह्युलेट ही पुरुष मल्लाची व्यवस्थापक म्हणून घरोघर माहीत झाली, आणि शेरी मार्टेल हिनें तर मल्ल व व्यवस्थापक अशीं दोन्ही कामें केलीं. बर्कनें जी पिशवी नवऱ्याच्या हातून घेतली, ती या बायकांनीं उघडपणें सांभाळली.

हमीदाबानूंनाहि १९५४ सालीं असाच एक दरवाजा उघडा दिसला होता. मुंबईंत त्यांनीं व्हेरा चिस्टिलिन या रशियन स्त्रीला मिनिटभराच्या आंत पाडलें. तिला लोक 'अस्वल' म्हणत. त्यानंतर युरोपांत जाऊन तेथल्या मल्लांशीं लढण्याचा आपला मनोदय त्यांनीं जाहीर केला. येथल्या ठेकेदारांचे हेवेदावे, संघांच्या हरकती आणि प्रेक्षकांचे दगड, या साऱ्यांतून सुटण्याची ती वाट होती. परंतु तें जाणें झालें नाहीं. त्यांच्या नातवानें पुढें सांगितलें कीं, सलाम पैलवानास हा बेत पसंत नव्हता. त्यानें काठीनें मारून त्यांचे हात मोडले. ज्या हातांनीं शेंकडों पुरुष उचलून आपटले, ते हात आखाड्याबाहेर, घरांत निकामी झाले. यावर कोणा पंचानें शिटी वाजविली नाहीं.

कल्याणांत त्या दोघांचा दुधाचा धंदा होता. पुढें सलाम पैलवान अलिगडला निघून गेला, आणि हमीदाबानू कल्याणांतच राहिल्या. दूध विकून, कांहीं खोल्या भाड्यानें देऊन, आणि हातीं पैसा उरला नाहीं तेव्हां घरीं केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्याच्या कडेला विकून त्यांनीं उरलेले दिवस काढले. १९८६ सालीं त्यांचा मृत्यु झाला. दूध घ्यावयास येणाऱ्यांपैकीं कितीजणांना ठाऊक असेल कीं, माप भरणाऱ्या या हातांनीं एके काळीं सारा देश गाजविला होता?

त्यानंतर काळ बदलला. स्त्रियांच्या कुस्तीला २००४ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकांत स्थान मिळालें. २०१६ सालीं साक्षी मलिक हिनें रिओ येथें कांस्यपदक घेतलें; कुस्तींत ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. महाराष्ट्रांत पुरुषांची 'महाराष्ट्र केसरी' १९६१ सालीं सुरू झाली. स्त्रियांची पहिली स्पर्धा होण्यास २०२३ चा मार्च उजाडावा लागला. ती सांगलीस झाली आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडी हिनें गदा जिंकली. शेवटच्या कुस्तींत तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील, आणि ती होती कल्याणची. ज्या गांवांत हमीदाबानू दूध विकत होत्या, त्याच गांवच्या मुलीला आपल्या प्रांतांत, आपल्या लोकांसमोर, शेवटच्या कुस्तीचा मान मिळाला. समोरची नकली आहे असें त्या दिवशीं कोणी म्हटलें नाहीं.

हें सारें समाधान वाटण्यासारखें आहे. पण काम अर्धेंच झालें आहे. मराठवाड्याच्या जत्रांतून मुलींच्या कुस्त्या आतां लागतात, आणि पहिली टाळी वाजविणारा पुष्कळदां त्या मुलीचा बापच असतो. मुलगी मातींत उतरली आहे. फडाच्या कडेला उभ्या असलेल्या त्या तिसऱ्या माणसाच्या जागीं कागद व पिशवी घेऊन एखादी स्त्री उभी दिसेल, आणि जोड लावतांना तिचा शब्द पंच व पैलवान मानतील, तेव्हां हमीदाबानूंची अर्धी राहिलेली कुस्ती निकाली झाली असें म्हणतां येईल.