मुखत्यारपत्रांवर उभी राहिलेली सभा

पुणे सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली, तेव्हा मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात लोकांनी निवडून दिलेला एकही सभासद नव्हता. जे मोजके हिंदी सभासद होते ते सरकारने नेमलेले. रयतेचे गाऱ्हाणे घेऊन कोणी सरकारदरबारी गेले, की ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ हा प्रश्न ठरलेला असे. पर्वती देवस्थानच्या पंचांच्या कारभाराविषयी पुण्यात तक्रारी वाढल्या, तेव्हा हीच अडचण पुढे आली. त्या खटपटीतूनच सभेचा जन्म झाला.

सभेचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी व्यवसायाने वकील होते आणि त्यांनी काढलेला तोडगाही वकिलीच होता. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम झाला. आरंभीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. मुखत्यारपत्र म्हणजे काय, हे जमिनीचा किंवा देण्याघेण्याचा दावा लढलेल्या कोणालाही सांगावे लागत नसे. परक्या माणसाला ते कोणी लिहून देत नाही. त्यामुळे सभासदाला पेठेत, गावात, ओळखीपाळखीत फिरून लोकांचा भरवसा आधी मिळवावा लागे. १८५२ मध्ये निघालेल्या बॉम्बे असोसिएशनचा भार मुंबईच्या धनिक शेटियांवर होता; पुण्याने पैशाच्या जागी सह्या आणल्या, हा फरक लहान नाही.

तरीही या प्रतिनिधित्वाला मर्यादा होत्या. सरदार, इनामदार, सावकार, वकील आणि पेन्शनर यांचाच सभेत भरणा होता, आणि त्यातही ब्राह्मणांचा. औंधचे संस्थानिक तिचे पहिले अध्यक्ष. शूद्रातिशूद्र शेतकऱ्याला जिथे जागा नाही ती सभा सर्वांची कशी, हा जोतीराव फुले यांचा आक्षेप होता आणि तो खोडून काढणे सभेला कधीच जमले नाही.

१८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे न्यायखात्यातील नेमणुकीवर पुण्यात आले आणि सभेच्या कामाला अभ्यासाची जोड मिळाली. सरकारी नोकर असल्याने ते बहुधा पडद्याआड राहत. सभेच्या उपसमितीने महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या आर्थिक स्थितीची पाहणी करून अहवाल काढला. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानला प्रतिनिधी मिळावेत, असा अर्ज १८७५ मध्ये गेला. त्यावर एकवीस हजारांहून अधिक सह्या होत्या. मागणी अर्थातच मान्य झाली नाही. त्याच वर्षी सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. दिवाणी कोर्टाच्या एकतर्फी हुकूमनाम्यांनी गावातली पत पार विसकटली होती. सभेच्या पुढाऱ्यांनी चालवलेली लवाद कोर्टे हा त्यावरचा एक उपाय. निवाडा सक्तीने बजावण्याची ताकद त्यांच्यापाशी नव्हती; दोन्ही पक्षांनी पंचांवर विश्वास टाकला तरच काम भागे.

सभेची खरी कसोटी १८७६-७७ च्या दुष्काळात लागली. दक्खनच्या जिल्ह्यांत सभेने माणसे पाठवली, गावोगावची माहिती गोळा केली आणि ती पत्ररूपाने सरकारकडे व वृत्तपत्रांकडे धाडत राहिली. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत अधिक एक आणा इतकी खाली आणली, तेव्हा हजारो मजुरांनी काम सोडले आणि त्यांची बाजू सभेने मांडली. कलेक्टरांच्या अहवालांशी ताडून पाहता येईल अशी दुसरी माहिती त्या काळी क्वचितच मिळे. म्हणूनच सरकारला ही पत्रे नकोशी वाटली, तरी केराच्या टोपलीत टाकता आली नाहीत.

सभेचे इंग्रजी त्रैमासिक १८७८ मध्ये सुरू झाले. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर निवडणुकीच्या तत्त्वाचा सभेने हिरिरीने पुरस्कार केला. तोवर बारा वर्षे ती ते आपल्या परीने पाळत आलेली होती. मधल्या काळात वासुदेव बळवंत फडके यांच्या १८७९ च्या बंडामुळे सरकारचा पुण्यावर संशय बळावला. फडक्यांचे वकीलपत्र घेणारे जोशी १८८० मध्ये वारले. सार्वजनिक काका म्हणून पुण्याला परिचित असलेल्या या माणसाची जागा पुढे कोणी भरून काढू शकला नाही. काँग्रेसचे पहिले अधिवेशन १८८५ मध्ये पुण्यात, सभेच्या यजमानपदाखाली भरायचे होते. पटकीच्या साथीमुळे ते मुंबईला हलवावे लागले.

१८९५ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पक्षाने सभेचे व्यवस्थापक मंडळ निवडणुकीने ताब्यात घेतले. नियमाप्रमाणे पाहिले तर त्यात गैर काही नव्हते. पण रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचा नव्या चालकांवर भरवसा उरला नाही आणि १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा काढली. त्या हंगामात पुन्हा दुष्काळ पडला. टिळकपक्षीयांनी गावोगाव माणसे पाठवून सरकारच्याच दुष्काळसंहितेतील हक्क शेतकऱ्यांना समजावून सांगितले, साराही माफ होऊ शकतो हे सांगितले. जुन्या सभेने जे सरकारला कळवले होते, ते आता रयतेला कळवले जात होते. धोरणाच्या प्रश्नांवर सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा या सभेला अधिकार नाही, असे मुंबई सरकारने मार्च १८९७ मध्ये जाहीर केले आणि सभेची मान्यता काढून घेतली.