अखंड वस्त्राची परंपरा

आपली मराठी भाषा वस्त्रांच्या बाबतीत मोठी चोखंदळ आहे. लुगडे आणि धोतर आपण नेसतो. शेला, शाल आणि घोंगडी पांघरतो. पागोटे व फेटा बांधतो. सदरा, कोट आणि चोळी मात्र आपण घालतो. एखाद्याने ‘सदरा नेसला’ असे म्हटले तर घरातले लहान मूलही त्याला हसल्यावाचून राहणार नाही. हिंदीत साडी आणि कुर्ता ह्या दोहोंसही ‘पहनना’ हे एकच क्रियापद चालून जाते. मराठीने मात्र हा भेद काटेकोरपणे जपला आहे. ‘नेसणे’ ह्या शब्दाचे नाते संस्कृतातील ‘नि-वस्’ ह्या धातूशी आहे, म्हणजे हा भेद काल-परवाचा नव्हे.

ह्या भेदाच्या मुळाशी वस्त्रांच्या दोन जाती आहेत. एक वस्त्र मागावरून उतरते आणि जसेच्या तसे अंगाभोवती गुंडाळले जाते. दुसरे मागावरून उतरल्यावर कात्रीखाली जाते, त्याचे तुकडे होतात आणि सुईदोरा ते पुन्हा जोडतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेल्या घरांतील माणसे. पहिल्या जातीच्या वस्त्राचा इतिहास हा एका अर्थी आपल्याच घरचा इतिहास होय. म्हणून ह्या वर्षीच्या स्मरणिकेच्या निमित्ताने तो थोडक्यात ज्ञातिबांधवांपुढे आणि भगिनींपुढे ठेवीत आहोत.

ही परंपरा किती जुनी आहे हे पाहू जाता आपणांस थेट सिंधुसंस्कृतीपर्यंत जावे लागते. मोहेंजोदडो येथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या थरांत चांदीच्या भांड्यास चिकटून राहिलेले सुती कापडाचे अवशेष मिळाले. तेथीलच ‘राजपुरोहित’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या लहानशा पाषाणमूर्तीने त्रिदलांच्या नक्षीचे वस्त्र डाव्या खांद्यावरून घेतले असून उजवा खांदा मोकळा ठेवला आहे. वेदवाङ्मयात ‘वासस्’, ‘अधिवासस्’ आणि ‘नीवि’ ही नावे येतात. पुढील काळात अंतरीय, उत्तरीय आणि उष्णीष अशी तीन वस्त्रे रूढ झाली; एक कमरेस, एक खांद्यावर आणि एक मस्तकी. आपले धोतर, उपरणे आणि पागोटे ही ह्याच त्रयीची मराठी रूपे होत. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना लागणाऱ्या कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरील स्त्रीपुरुषांच्या जोड्या ज्यांनी नीट न्याहाळल्या असतील, त्यांना हे नेसणे आणि बांधणे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडात पाहावयास मिळाले असेल.

येथे एक गैरसमज दूर करणे आम्हांस आवश्यक वाटते. शिवलेले कपडे ह्या देशात परकीयांनी आणले, तोपर्यंत आपल्या लोकांस सुई ठाऊकच नव्हती, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. सुईचा उल्लेख ऋग्वेदात आहे. अमरकोशात विणकरास ‘तंतुवाय’ आणि शिंप्यास ‘तुन्नवाय’ व ‘सौचिक’ अशी नावे असून ती एकमेकांशेजारी दिलेली आहेत. मथुरेस सापडलेल्या कनिष्काच्या मस्तकहीन पुतळ्याच्या अंगात शिवलेला लांब अंगरखा आहे, आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत नेसलेली व शिवलेली अशी दोन्ही वस्त्रे आढळतात. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांचा भारतीय वेशभूषेवरील ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासांनी हा विषय कल्पनेच्या प्रांतातून बाहेर काढून पुराव्याच्या पायावर आणला. तात्पर्य, आपल्या पूर्वजांनी नेसण्याचे वस्त्र पत्करले ते शिवता येत नव्हते म्हणून नव्हे. शिवणकला जवळ असतानाही त्यांनी अखंड वस्त्रास मान दिला.

तो मान आपल्या धार्मिक विधींत आजही उरला आहे. गृह्यसूत्रांत संस्कारप्रसंगी ‘अहत’ वस्त्र सांगितले आहे. अहत म्हणजे कोरे, मागावरून उतरल्यावर अद्याप धुतलेही नाही असे. सोवळ्यात शिवलेले वस्त्र चालत नाही. कद, मुकटा किंवा धाबळी चालते. वधूवरांमध्ये धरावयाचा अंतरपाट असो, उपरण्याची व शालूची गाठ असो, कलशाभोवतीचे वस्त्र असो, की ओटी भरण्यासाठी पुढे केलेला पदर असो, तेथे अखंड कापड लागते. भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दाखवून दिले आहे की, यज्ञोपवीत हे मूळचे खांद्यावरून विशिष्ट रीतीने घेतलेले उत्तरीय होते. सुताचा दोरा हा त्या वस्त्राच्या जागी पुढे आला. विणकराच्या घरी जन्मलेल्यास ह्यातील अर्थ निराळा सांगावयास नको.

ही भावना केवळ आपल्याच देशाची आहे असेही नाही. हज यात्रेस जाणारा मुसलमान पुरुष ‘इहराम’ म्हणून दोन न शिवलेली पांढरी वस्त्रेच धारण करतो. त्या वस्त्रांत धनिक आणि गरीब ओळखू येत नाहीत. प्राचीन रोममधील नागरिक ‘टोगा’ नावाचे लोकरीचे लांबलचक वस्त्र अंगाभोवती वेढून घेत असे, आणि तो टोगा हीच त्याच्या नागरिकत्वाची खूण होती. हे समाज परस्परांहून किती तरी भिन्न. पण देवापुढे वा समाजापुढे आपली खरी ओळख घेऊन उभे राहताना त्यांनी गुंडाळलेलेच वस्त्र योग्य मानले.

जी गोष्ट अंगाची, तीच आपल्या पानातील अन्नाची. सणाच्या पंगतीस केळीचे अखंड पान मांडतात, आणि ते न मिळाल्यास पळसाची पाने काड्यांनी टाचून पत्रावळ लावतात. कोकणात आणि गोव्यात तांदळाच्या पिठात गूळखोबऱ्याचे सारण भरून पातोळ्या हळदीच्या पानात दुमडून उकडतात. खाताना पान काढून टाकतात, पण त्याचा सुगंध पातोळीत उतरलेला असतो. अळूवडीत तर वेष्टन आणि खाद्य हा भेदच उरत नाही. विड्याचे पान दुमडून त्यास लवंग टोचली की तोच सन्मान होतो. पूर्वी अवघड कामगिरी पत्करणारा वीर विडाच उचलीत असे. आणि लग्न ठरल्याच्या समारंभास आपण ‘साखरपुडा’ म्हणतो. साखर वाटली असे म्हणून आपले समाधान होत नाही. ती पुड्यात बांधलेली असावी लागते. वस्तू नुसती दिली तर ती देवघेव. गुंडाळून दिली तर त्यात आदर आला, असे आपले लोक मानीत आले आहेत.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे मागाकडे वळू. शिवावयाचे कापड विणणारा विणकर कच्चा माल तयार करतो. त्याचे रूप पुढे शिंपी ठरवितो. नेसण्याच्या वस्त्राचे तसे नाही. लुगड्यास काठ आहे, कारण ते पायाशी कोठे संपणार हे विणकरास ठाऊक आहे. त्यास पदर आहे, कारण त्याचे कोणते टोक खांद्यावरून पाठीवर येणार हेही तो जाणतो. इरकली लुगड्याचे उदाहरण घ्यावे. त्यात अंगाचा ताणा निराळा आणि पदराचा रेशमी ताणा निराळा असून, दोहोंचे धागे एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात. त्यामुळे सहावारी, आठवारी की नऊवारी हे आधी ठरवूनच ताणा करावा लागतो. पैठणीच्या पदरावरील मोर, पोपट आणि वेली ह्या बाण्याच्या रंगीत धाग्यांनी विणतानाच उमटतात. अशा वस्त्राला मागावरून उतरल्यावर कोणत्याही दुसऱ्या कारागिराचा हात लागावयाचा नसतो. नेसण्याच्या वस्त्राचा शेवटचा कारागीर विणकरच. मागच्या पिढ्यांना दारिद्र्यातही जो एक ताठा होता, त्याचे कारण आम्हांस ह्यात दिसते.

‘विणकर’ म्हणताना आम्हांस केवळ मागाच्या खड्ड्यात बसलेला पुरुष अभिप्रेत नाही. रहाटावर कांड्या भरणाऱ्या, पांजणीस खळ लावणाऱ्या आणि तुटलेले धागे सांधणाऱ्या घरच्या स्त्रियांवाचून एक वारही कापड निघाले नसते. मागाची ही विद्या कोणा एका जातीची मिरासही नव्हे. साळी, कोष्टी, पद्मशाली, देवांग आणि मोमीन असे अनेक समाज ह्या महाराष्ट्रात शेजारी शेजारी धोटा चालवीत आले आहेत.

गौरवाबरोबर सत्यही सांगितले पाहिजे. नेसण्याच्या ह्याच रीतीने माणसामाणसांत भिंतीही उभ्या केल्या. लुगडे गुडघ्यापर्यंत की घोट्यापर्यंत, पदर कोणत्या खांद्यावर, धोतर आखूड की पायघोळ, ह्यावरून जात ओळखली जाई, आणि ओळखली जावी म्हणूनच ते नियम पाळविले जात. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकण्याचा हक्क मिळविण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. १८५९ साली त्यांस तशी मुभा देणारा जाहीरनामा निघाला. आपल्या महाराष्ट्रात डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी स्त्रियांसमोर भाषण करताना, अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची जुनी तऱ्हा सोडून अंग नीट झाकेल अशा रीतीने ते नेसावे, असा उपदेश केला. वस्त्र तेच, फरक केवळ वेढ्याचा. पण त्या वेढ्यात माणसाची प्रतिष्ठा बांधलेली होती. याच्या उलट महात्मा गांधींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरा येथे सदरा आणि टोपी सोडून केवळ पंचा स्वीकारला, तो दरिद्री माणसाशी असलेले अंतर पुसून टाकण्यासाठी. आपल्या पूर्वजांनी विणलेल्या लुगड्यांनी अंगे झाकली तशी उच्चनीचताही मिरविली, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

नेसण्याच्या रीती बदलतात हेही लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. सत्येंद्रनाथ ठाकूर हे सनदी नोकरीनिमित्त मुंबई इलाख्यात आले तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी ह्यांनी पारशी भगिनींची साडी नेसण्याची पद्धत पाहिली आणि तीत फेरबदल करून ती बंगालमध्ये रूढ केली. आज सर्व देशभर चालणाऱ्या साडीच्या घडणीत ह्या मुंबईच्या मुक्कामाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडेही सकच्छ नऊवारी मागे पडून गोल पातळ आले आणि पातळाची साडी झाली. अखंड वस्त्राचे सामर्थ्य हेच की, त्यास नवे वळण द्यावयास नवी कात्री लागत नाही.

परंतु माग मात्र संकटात सापडला. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी पहिली सूतगिरणी काढली. नागपुरास १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार ह्यांनी पहिला यंत्रमाग बसविला. साधे कापड विणण्याचे काम हातमागाच्या हातून निसटले. तो तग धरून राहिला तो काठापदराच्या लुगड्यांवर. स्वातंत्र्यानंतर सरकारने त्यास आधार देण्याचे ठरविले. १९५३ साली गिरण्यांनी ठराविक मर्यादेपलीकडे काढलेल्या धोतरांवर जादा अबकारी कर बसविणारा कायदा झाला. १९८५ च्या कायद्यान्वये काही वस्तू हातमागासाठी राखून ठेवण्यात आल्या. प्रथम त्या २२ होत्या, पुढे ११ राहिल्या. ह्या ११ वस्तूंची यादी वाचली असता साडी, धोतर, लुंगी, उपरणे, शाल, कांबळे अशा निम्म्याहून अधिक वस्तू नेसण्याच्या वा पांघरण्याच्या आढळतात. कायदे करणाऱ्यांच्या मनात तत्त्वचर्चा नसेल. पण हातमाग जगवावयाचा तर गुंडाळावयाचे वस्त्र जगविले पाहिजे, हे त्यांनाही कबूल करावे लागले.

आज धोतर लग्नमुंजीपुरते उरले आहे. नऊवारी शिवून मिळते आणि ती परकरासारखी घातली जाते. ह्याबद्दल तरुण मुलींना दोष देण्याची आमची इच्छा नाही; कामाच्या धावपळीत त्यांना सोय हवी, आणि ती त्यांनी का घेऊ नये? पण शिवलेल्या नऊवारीबरोबर ‘नेसणे’ हा शब्दही हळूहळू ‘घालणे’ होऊन बसेल, आणि शब्द गेला की त्यामागची विद्या कोणास आठवणार नाही, ही भीती आम्हांस वाटते.

म्हणून एक लहानशी विनंती. आपल्या ज्ञातीत ज्यांनी मागावर हात चालविला अशी वडीलधारी मंडळी अद्याप आहेत. करवतकाठ, रुईफुली, गोमी अशा काठांची नावे, ताण्याचा हिशेब आणि खळीचे प्रमाण त्यांना मुखोद्गत आहे. प्रत्येक कुटुंबाने त्यांच्याजवळ बसून हे लिहून घ्यावे. घरात पेटीच्या तळाशी आजीचे एखादे लुगडे असेल तर त्याचा काठ कोणता, ते कोणाच्या मागावर विणले, हे एका चिठ्ठीवर लिहून त्या घडीत ठेवावे.

मूल जन्मास येते तेव्हा आजीच्या जुन्या मऊ लुगड्यात ते गुंडाळले जाते. माणूस जातो तेव्हा कोऱ्या पांढऱ्या कापडात गुंडाळला जातो. पहिले वस्त्र वापरून विरलेले, शेवटचे कधीच न वापरलेले. आणि दोहोंसही सुई लागलेली नसते. मधल्या आयुष्यात आपण काय घालावे ते काळ ठरवील. ह्या दोन्ही वेळांचे कापड विणणाऱ्यांची आपण लेकरे आहोत, एवढे तरी विसरू नये.