मंदीच्या काळात क्लाऊड आणि सीआरएम : भाड्याच्या सॉफ्टवेअरचा हिशेब

मंदी आली की कंपन्या आधी नवी भरती थांबवतात, मग प्रवास, जाहिरात आणि संगणकांवरचा खर्च कमी करतात. तरीही 2008-09 च्या मंदीत अमेरिकेतील एका सॉफ्टवेअर कंपनीची विक्री वाढत राहिली. ती कंपनी म्हणजे सेल्सफोर्स. आज समाजातील अनेक तरुण-तरुणी याच तंत्रज्ञानाच्या आधारे पुणे, हैदराबाद, बंगळुरू येथे नोकरी करतात किंवा ते शिकण्यासाठी क्लासची फी भरतात. काहीजण स्वतःच्या छोट्या व्यवसायासाठी असे सॉफ्टवेअर घेण्याच्या विचारात असतात. या सर्वांनी त्यामागचे अर्थकारण समजून घ्यावे, यासाठी हा लेख.

सीआरएम म्हणजे काय?

कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट, म्हणजे ग्राहकांशी असलेल्या संबंधांचे व्यवस्थापन. कोणत्या ग्राहकाने कधी चौकशी केली, त्याला काय भाव सांगितला, त्याची तक्रार सुटली का, ही सारी नोंद एका जागी ठेवणारे हे सॉफ्टवेअर. दुकानदाराची वही आणि त्याची स्मरणशक्ती यांचे काम ते करते. नोकरी सोडणाऱ्या विक्री प्रतिनिधीबरोबर ग्राहकांची माहिती निघून जात नाही, हा त्याचा मोठा फायदा. मंदीत नवा ग्राहक मिळणे कठीण होते आणि जुना टिकवणे महत्त्वाचे ठरते. म्हणून अशा काळात या नोंदीची किंमत वाढते.

क्लाऊडने काय बदलले?

1990 च्या दशकात या क्षेत्रात सीबेल सिस्टिम्स ही अमेरिकन कंपनी आघाडीवर होती. तिचे सॉफ्टवेअर घ्यायचे तर परवान्याचे पैसे आधी मोजावे लागत. त्यावर स्वतःचे सर्व्हर, ते बसवणारे सल्लागार आणि देखभालीचा खर्च वेगळा. 1999 मध्ये मार्क बेनिऑफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे सेल्सफोर्स सुरू केली. तिच्या सॉफ्टवेअरसाठी ग्राहकाला स्वतःचे सर्व्हर ठेवावे लागत नाहीत, तो ते इंटरनेटवरून वापरतो आणि जितके लोक वापरणार तितक्यांचे भाडे देतो. यालाच ‘सॉफ्टवेअर अॅज अ सर्व्हिस’ म्हणतात. घर बांधणे आणि भाड्याने घेणे यात जो फरक, तोच येथे आहे. 2005 मध्ये ओरॅकलने सीबेल सुमारे 5.8 अब्ज डॉलरला विकत घेण्याची घोषणा केली.

मंदीत प्रत्यक्षात काय घडले?

अमेरिकेतील ती मंदी डिसेंबर 2007 ते जून 2009 अशी 18 महिने चालली. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली आणि कर्ज मिळणे अवघड झाले. मोठा भांडवली खर्च मंजूर होईना. महिन्याचे भाडे मात्र चालू खर्चात बसत होते. जानेवारी 2009 अखेर संपलेल्या आर्थिक वर्षात सेल्सफोर्सचे उत्पन्न पहिल्यांदाच 1 अब्ज डॉलरच्या पुढे गेले. वाढ होती सुमारे 44 टक्के. पण पुढच्याच वर्षी ती सुमारे 21 टक्क्यांवर आली. कारण उघड आहे : ग्राहक कंपनीने माणसे कमी केली की वापरकर्ते कमी होतात आणि भाडेही घटते. क्लाऊड मंदीत तग धरतो, पण मंदीपासून मुक्त नसतो.

धोका कुणाच्या अंगावर?

आमच्या मते खरा प्रश्न हा आहे. जुन्या पद्धतीत सारा धोका खरेदीदाराचा होता. भाड्याच्या पद्धतीत तो विक्रेत्याकडे गेला. पण विक्रेताही तो झटकू पाहतो. 2001 च्या मंदीच्या सुमारास सेल्सफोर्सकडची रोकड आटू लागली, तेव्हा कंपनीने महिन्याच्या महिन्याला पैसे घेण्याऐवजी वर्षाचे पैसे आगाऊ घेणाऱ्या करारांवर भर दिला.

याचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका व्यावसायिकाचे 20 प्रतिनिधी आहेत आणि प्रत्येकामागे महिना 1,000 रुपये भाडे आहे. वर्षाचे 2,40,000 रुपये त्याने आगाऊ भरले. सहा महिन्यांनी धंदा बसला आणि 12 प्रतिनिधी उरले. उरलेल्या सहा महिन्यांत आठ रिकाम्या जागांचे 48,000 रुपये वाया गेले. ‘वापराल तेवढेच पैसे’ हे जाहिरातीत असते. खरे काय ते करारात असते.

करार करण्यापूर्वी काय पाहावे?

- वर्षाच्या मधे वापरकर्त्यांची संख्या कमी करता येते का?
- नूतनीकरणाच्या वेळी दर किती वाढू शकतो, हे लिहिलेले आहे का?
- करार संपल्यावर ग्राहकांची सर्व माहिती एक्सेलसारख्या साध्या स्वरूपात परत मिळते का? मिळत नसेल, तर भाडे कितीही वाढले तरी सोडून जाता येत नाही.
- माहिती कोण पाहू शकतो? ग्राहकांचे फोन नंबर आणि पत्ते जपणे ही आपली जबाबदारी आहे. भारतात यासाठी 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला आहे.
- पाच-दहा माणसांच्या व्यवसायाला याची खरोखर गरज आहे का? नीट ठेवलेली एक्सेलची यादीही पुष्कळदा पुरते.

नोकरी शोधणाऱ्यांसाठीही यात धडा आहे. जानेवारी 2023 मध्ये सेल्सफोर्सने आपले सुमारे 10 टक्के कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली. तेजीच्या काळात प्रमाणाबाहेर भरती झाली, असे बेनिऑफ यांनी तेव्हा सांगितले. त्यामुळे एकाच कंपनीच्या प्रमाणपत्रावर सारी भिस्त ठेवू नये. डेटाबेस, प्रोग्रॅमिंग आणि व्यवसाय कसा चालतो याची समज, हा पाया पक्का असेल, तर सॉफ्टवेअर बदलले तरी आपले काम सुटत नाही.