नजर आणि नोंद

नेसरी हे नाव काढले की मराठी माणसाच्या मनात एक तारीख जागी होते : २४ फेब्रुवारी १६७४. त्या दिवशी सरनौबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि आमच्या गावच्या खिंडीत सातही जण कामी आले. या गावात मी मास्तरकी करतो आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. तेव्हा मी इतिहासावर लिहिणार म्हटल्यावर वाचकांनी ढाल-तलवारीची अपेक्षा केली असल्यास नवल नाही. परंतु यंदा एका निराळ्याच हत्याराची हकीकत सांगावयाची आहे. हे हत्यार डोळ्यांना दिसत नाही आणि चालते मात्र डोळ्यांवरच. ते म्हणजे चष्म्याचा नंबर घालविणारा लेसर किरण.

विषय सुचला तो वर्गातल्या मुलांमुळे. आमच्या भागातील पुष्कळ मुलांचे मन फौजेकडे ओढ घेते. उंची भरते, छाती भरते, धावणे जमते आणि गाडी अडते ती डोळ्यांशी. मुलींच्या घरी विवंचना निराळी. “गुरुजी, पोरगी शिकलीय, गुणाची हाय, पण चष्म्यापायी स्थळं माघारी जात्यात. ती लेसरची करून टाकावी का?” असे आईबाप येऊन विचारतात. मी काही वैद्य नव्हे. इतिहासात जे सापडते तेवढेच मी सांगू शकतो. आणि इतिहास असे सांगतो की, या विद्येत हत्याराच्या धारेइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, महत्त्व टिपणवहीला आहे.

याची सुरुवात आपल्याच एका राजापासून करता येईल. नेसरीच्या रणानंतर दोनेक वर्षांतच शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापन केली. पुढे १७९८ साली त्या गादीवर दुसरे सरफोजीराजे बसले. पुढल्याच वर्षीच्या तहाने कंपनी सरकारने राज्यकारभार काढून घेतला. राजाकडे किल्ला आणि भोवतालचा थोडका मुलूख उरला. एखादा दुसरा राजा अशा वेळी नाचरंगात बुडाला असता. सरफोजींनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला, छापखाना काढला, १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरावर आपल्या कुळाचा इतिहास मराठीत कोरविला आणि धन्वंतरी महाल उभारून औषधांचे प्रयोग चालविले.

या राजाला विशेष गोडी होती ती नेत्रचिकित्सेची. त्याच्या पदरी असलेल्या इंग्रज वैद्याच्या साहाय्याने तंजावरास नेत्ररुग्णांवर उपचार होत. त्या काळी मोतीबिंदूवरचा रूढ उपाय सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वर्णिलेला तोच होता : शलाका घालून गढूळ झालेले भिंग बाजूला ढकलावयाचे. उजेड दिसू लागे, पण भिंगच जागेवर नसल्याने सारे अंधुक. ही क्रिया तंजावरची नवलाई नव्हे. नवलाई पुढेच आहे. रुग्ण कोण, त्याची तक्रार काय, उपाय कोणता केला, हे तेथे कागदावर उतरविले जाई आणि चित्रकाराकडून त्या आजारी डोळ्याचे रंगीत चित्र काढवून घेतले जाई. राजा १८३२ साली गेला; ते कागद सरस्वती महालात राहिले आणि आजचे नेत्रवैद्य ते वाचून त्या वेळच्या रोग्यांचे निदान करू शकतात.

आता मोतीबिंदू वेगळा आणि चष्म्याचा नंबर वेगळा. डोळ्याच्या काळ्या भागावर, घड्याळावर काच असावी तसा, एक पारदर्शक पडदा असतो. डॉक्टर त्यास कॉर्निया म्हणतात. जाडी सुमारे अर्धा मिलीमीटर. पण बाहेरचा प्रकाश वळवून आत एका जागी आणण्याचे दोन-तृतीयांश काम तोच करतो. ज्याच्या डोळ्याचा गोळा जरासा लांबट, त्याचे किरण आतल्या पडद्यापर्यंत पोचण्यापूर्वीच एकत्र येतात आणि फळ्यावरची अक्षरे पुसट होतात. हाच उणे नंबर. तेव्हा हा पारदर्शक पडदा मध्यभागी किंचित चपटा केला तर चष्मा सुटेल, ही कल्पना सरळ होती. तो चपटा करावयाचा कसा, येथेच घोडे अडले.

जपानातील त्सुतोमु सातो या नेत्रवैद्याने १९४० नंतरच्या काळात या पडद्याला बाहेरून आणि आतूनही बारीक चिरा दिल्या. नंबर उतरला, माणसे आनंदाने घरी गेली. मात्र पडद्याच्या आतल्या बाजूस पेशींचा एक अतिशय नाजूक थर असतो. तो पडद्यात पाणी साचू देत नाही आणि एकदा गेला की पुन्हा उगवत नाही. हे तेव्हा ठाऊकच नव्हते. वीसेक वर्षांनी त्या रोग्यांचे डोळे एकामागून एक गढूळ होऊ लागले. सातोंचा हात कसबी होता, हेतूही वाईट नव्हता. पण शस्त्रक्रियेचा खरा निकाल इतक्या उशिरा लागला.

पुढे १९७० नंतर मॉस्कोच्या फ्योदोरोव यांनी चिरा केवळ बाहेरून द्यावयाची पद्धत रूढ केली. तिची जगभर लाट आली. अमेरिकेत मात्र काही डॉक्टरांनी ठरविले की, रोगी घरी गेला म्हणजे काम संपले असे समजावयाचे नाही. दहा वर्षे त्याच डोळ्यांची तपासणी करावयाची. १९९४ साली त्यांचा अहवाल आला. दहा वर्षांत शेकडा ४३ डोळ्यांचा नंबर उलट दिशेने, म्हणजे अधिक नंबराकडे, एक किंवा त्याहून जास्त सरकला होता. जे काम सातोंच्या रोग्यांना डोळे गमावून करावे लागले, ते येथे एका वहीने केले.

तोवर सुरीची जागा घेणारा उमेदवार पुढे आला होता. लेसर किरण १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी प्रथम निर्माण केला. पण साध्या लेसरने शरीराचा भाग कापला असता तो करपतो. न्यूयॉर्कजवळ आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन नावाचे शास्त्रज्ञ काम करीत. जन्म मद्रासचा, १९२९चा. शिक्षणही तेथल्याच विद्यापीठात. आपल्याकडे दिवाळीचा फराळ उरतो तसा तिकडे नोव्हेंबरातल्या मोठ्या सणाला टर्की पक्ष्याचे जेवण उरते. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, सणाच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनिवासन त्या उरलेल्या जेवणातील तुकडे प्रयोगशाळेत घेऊन आले आणि त्यांवर एक्सायमर जातीच्या लेसरचा अतिनील, म्हणून डोळ्यांना न दिसणारा, किरण सोडला. खाच पडली ती काठ न करपता, जणू छिन्नीने कोरावी तशी. हा किरण उष्णतेने जाळत नाही. कणांचे आपसातले बंध तोडून वरचा अतिपातळ थर उडवून देतो. त्यांच्याबरोबर जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे दोघे होते. १९८३ साली न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्या सहकार्याने हा किरण प्राण्यांच्या कॉर्नियावर लावून पाहिला.

माणसाच्या पाहत्या डोळ्यावर पहिला प्रयोग १९८८ साली मार्गारिट मॅक्डॉनल्ड या डॉक्टर बाईंनी केला. एका स्त्रीचा डोळा गाठीच्या रोगामुळे काढावाच लागणार होता. तो काढण्यापूर्वी त्यावर लेसर चालवून पाहावा, म्हणजे इतरांच्या उपयोगी पडेल, असे त्या रुग्ण स्त्रीनेच सुचविले. पुढे १९९५ साली अमेरिकी सरकारने या शस्त्रक्रियेस मान्यता दिली. आज जे लोक चष्मा सोडून हिंडतात, त्यांनी या बाईला मनोमन एक नमस्कार करावा.

याच सुमारास ग्रीसच्या क्रीट बेटावरील डॉक्टर पालिकारिस यांनी पडद्याचा एक पातळ पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटून त्याखाली लेसर लावण्याची व मग पान मिटण्याची रीत बसविली. तीच लॅसिक. किरणाच्या एका ठोक्याला मिलीमीटरच्या हजारांश भागाचाही सुमारे पाव हिस्साच उडतो. एक नंबर उतरविण्यास असे साधारण १२ ते १५ हजारांश खर्ची पडतात. पडदा मुळातच अर्धा मिलीमीटर. म्हणून ज्याचा पडदा पातळ किंवा आकाराने बिघडलेला, त्याला चांगला डॉक्टर स्पष्ट ‘नाही’ म्हणतो. ते ऐकून रागावू नये.

आज ही शस्त्रक्रिया कोल्हापुरात होते, बेळगावातही होते. बहुतेकांना तिचा गुण येतो. कित्येकांचे डोळे काही महिने कोरडे पडतात, रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. थोड्यांना हा त्रास पुढेही राहतो. वय अठरा पूर्ण झालेले असावे आणि नंबर निदान वर्षभर हललेला नसावा. फौजेत व पोलिसांत काही जागांना अशी शस्त्रक्रिया चालते, काहींना चालत नाही. तेव्हा आधी त्या भरतीचा नियम वाचावा, मग डॉक्टरकडे जावे. लेसराने चष्मा जातो, पण लांबट डोळा लांबटच राहतो. त्याच्या आतल्या पडद्याला असलेला धोका टळत नाही, म्हणून तपासणी चुकवू नये. आणि चाळिशी? ती माझ्या नाकावर आली आहे, ती लेसरवाल्यांच्या नाकावरही यावयाचीच.

राहिला मुलीच्या स्थळांचा प्रश्न. तिला स्वतःला चष्मा नको असेल तर तिने खुशाल विचार करावा. परंतु पाहुण्यांना चष्मा खटकतो म्हणून निरोगी डोळ्याला हात लावू नये. चष्मा हे व्यंग नव्हे.

आणि ज्यांनी शस्त्रक्रिया करविली आहे वा करविणार आहेत, त्यांना एक विनंती. आधीचा नंबर, पडद्याची जाडी आणि त्याच्या वक्रतेचे माप असलेले कागद डॉक्टरांकडून मागून घ्यावे आणि जमिनीच्या सातबाऱ्यासारखे जपून ठेवावे. म्हातारपणी मोतीबिंदू झाला म्हणजे आत कृत्रिम भिंग बसवितात. त्याची शक्ती पडद्याच्या वक्रतेवरून काढावी लागते, आणि लेसराने ती वक्रता बदललेली असल्यामुळे हिशेब चुकण्याचा संभव असतो. तेव्हा तीस वर्षांपूर्वीचा तो कागद कामी येईल. तंजावरच्या राजाने रयतेच्या डोळ्यांचे कागद दोनशे वर्षे टिकतील असे ठेवले. आपल्याला आपल्याच डोळ्यांचे तीस वर्षे ठेवावयाचे आहेत.