कुऱ्हाडीचे तीन घाव

डेव्हिड लोवरीचा 'द ग्रीन नाइट' (2021) आर्थर राजाच्या दरबारातली गोष्ट सांगतो, पण चित्रित झाला आयर्लंडमध्ये. त्यातला एक किल्ला मन्स्टर प्रांतातल्या काहिरचा. जॉन बूरमनचा 'एक्सकॅलिबर'ही (1981) तिथे चित्रित झाला होता. निर्मात्यांसाठी ती सोय असेल. गोष्टीसाठी मात्र ती चक्क माहेरवारी होती.

गोष्ट अशी: ऐन मेजवानीत हिरवा स्वार दरबारात घुसतो आणि आव्हान देतो, 'मला एक घाव घाला, वर्षाने तसाच परत घ्या.' आर्थरचा सरदार गॉवेन त्याचं मुंडकं उडवतो. स्वार ते उचलून चालता होतो. ही गोष्ट ज्यात आहे, त्या चौदाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी काव्याचं एकुलतं हस्तलिखित 1731च्या आगीतून बचावलं, 1839 साली छापलं गेलं. 1925 साली टोल्किन आणि गॉर्डन यांची आवृत्ती आली.

पण त्याच्या कितीतरी आधी आयर्लंडमध्ये 'ब्रिक्रूची मेजवानी' ही कथा लिहिली गेली होती. 1100च्या सुमारास ती 'तपकिरी गाईचं पुस्तक' या हस्तलिखितात उतरली. पिवळ्या डोळ्यांचा, कातडं पांघरलेला एक धटिंगण दरबारात येतो. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात मान ठेवायला ओंडका. त्याचं मुंडकं उडवल्यावर परतफेडीला मान पुढे करण्याची हिंमत फक्त वीर कू खुलिन दाखवतो. तो धटिंगण म्हणजे वेष पालटलेला कू रॉय, मन्स्टरचा राजा!

आता वाद इथे आहे, की ही कुऱ्हाड इंग्लंडला पोहोचली कशी? अमेरिकी अभ्यासक किट्रेजने 1916 साली फ्रान्समार्गे असा निवाडा दिला. कॅरॅडॉक नावाच्या सरदाराच्या फ्रेंच कथेत तोच खेळ आहे. आयरिश कथेत परतफेड दुसऱ्याच दिवशी होते. फ्रेंच कथेत वर्षाची मुदत मिळते. म्हणजे इंग्रजी काव्यातली वर्षाची मुदत फ्रेंचच.

पण तीन घावांचं काय? गॉवेनच्या मानेवर कुऱ्हाड तीनदा उगारली जाते: दोनदा हूल, तिसऱ्यांदा नुसता ओरखडा. कॅरॅडॉकच्या वाट्याला एक हलका फटका येतो, बस्स. उलट 'ब्रिक्रू'मध्ये हाच खेळ आणखी एकदा येतो, आणि तिथे ऊआथ नावाचा मायावी कू खुलिनवर उलटी कुऱ्हाड तीनदा उतरवतो. काव्याची बोली वायव्य इंग्लंडची, चेशायरच्या आसपासची. गॉवेन विरल द्वीपकल्पाचं रान तुडवतो, आणि विरलच्या पायथ्याला असलेल्या चेस्टर बंदराचा डब्लिनशी जुना व्यापार. मग तीन घाव तोंडी, थेट समुद्र ओलांडून आले असणार. कवीने त्यांच्यासाठी गॉवेनच्या मुक्कामाच्या वाड्यातले शिकारीचे तीन दिवस रचले आणि हिशेब जुळवला.

हिरव्या स्वारात निसर्गदेव शोधणाऱ्यांचा यावर विश्वास बसत नाही. ते चर्चमधल्या पानांच्या मुखवट्यांकडे बोट दाखवतात. पण त्या मुखवट्यांना 'ग्रीन मॅन' हे नाव लेडी रॅग्लनने दिलं ते 1939 साली! शिवाय मुखवट्याच्या हाती कुऱ्हाड कुठली? हिरवा रंग कवीने चढवला असेल. हाडं आयरिश आहेत.

लोवरीने शिकारीचे दिवस आटोपते घेतले. काव्यात या साऱ्यामागे जादूगारीण मॉर्गन ला फे निघते; सिनेमात खुद्द गॉवेनची आई मंत्र टाकून स्वाराला बोलावते. आयरिश कथेत बोलावणारं कोणी नव्हतंच. कू रॉय आपणहून आला होता.