रक्तकर्करोग आणि रुग्णाची सोबत

कल्याण स्थानक मागें पडलें म्हणजे कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीन गांवें एकामागून एक लागतात. अंबरनाथचें शिवमंदिर इ. स. १०६० मधील, उल्हासनगर त्या मानानें कालचें. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांस आश्रय मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीस उल्हास नदीवरून हें नांव लाभलें. या तिन्ही गांवांचें मुंबईशीं नातें मुख्यत्वेंकरून आगगाडीनें जोडलेलें आहे. नोकरीचा मार्ग तोच, आणि दुर्धर व्याधीच्या वेळीं परळच्या रुग्णालयाचा मार्गही तोच. उपनगरी गाडींत अपंगांसाठीं राखलेल्या डब्यांत कर्करोग्यांसही बसण्याची मुभा आहे. त्या डब्यांतून जाणाऱ्या रक्तकर्करोग्यास आज जो आधार मिळतो, त्याच्या मागें नऊ दशकांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

रोग पुष्कळांस होणारा असला, म्हणजे त्याची माहिती शेजारींच मिळते. सिंधी समाजांत थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचें प्रमाण अधिक आढळतें. त्यामुळें उल्हासनगरांत तो शब्द अगदींच अपरिचित नाहीं. तो विकार कर्करोग नव्हे. दुर्मिळ रक्तकर्करोगाची गोष्ट निराळी. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे अस्थिमज्जेंतून निघणारा दीर्घ मुदतीचा रक्तकर्करोग, वर्षाकाठीं लाखांत एखाद-दोघांसच जडतो. अशा रुग्णास गल्लींत दुसरा समदुःखी भेटण्याचा संभव फार थोडा. आप्तेष्ट धीर देतात, परंतु पुढें काय होणार, या प्रश्नाचें उत्तर त्यांच्यापाशीं नसतें. अशा माणसास तीन गोष्टींची गरज असते: रोगाची खरी माहिती, तोच रोग भोगलेल्या माणसाची सोबत, आणि औषधाचा खर्च झेपेल असा आधार. या तिन्ही गोष्टी एकाच वेळीं मिळाल्या नाहींत. त्या कशा मिळत गेल्या, हें पाहण्यासारखें आहे.

या इतिहासाचा आरंभ एका श्रीमंत घरांतील मृत्यूपासून होतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई या १९३१ सालीं वेल्समधील एका शुश्रूषागृहांत रक्तकर्करोगानें निवर्तल्या. ज्युबिली नांवाचा २४५ कॅरटांचा हिरा ज्यांच्या अंगावर शोभत असे, त्यांच्यासाठीं युरोपांतील कोणताही धन्वंतरी बोलावणें अशक्य नव्हतें. परंतु सोमलाचें औषध आणि क्ष-किरण यांपलीकडे त्या काळच्या वैद्यकापाशीं फारसें कांहीं नव्हतेंच. जेथें ज्ञानच नाहीं, तेथें संपत्तीही पांगळी ठरते. पत्नीवियोगानें व्यथित झालेल्या दोराबजींनीं १९३२ सालीं रक्तकर्करोगाच्या संशोधनासाठीं लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापिला, आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत ते स्वतः परलोकवासी झाले. त्यांच्या नांवच्या विश्वस्त निधींतून परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय उभें राहिलें. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांनीं त्याचें उद्घाटन केलें.

रोगाचें खरें नांव सांगणारें घर अशा रीतीनें उभें झालें. उपाय मात्र अद्याप दूर होता. १९४८ सालीं अमेरिकेंत बॉस्टन येथें डॉ. सिडनी फार्बर यांनीं रक्तकर्करोगानें पीडलेल्या बालकांस अमिनोप्टेरिन देऊन कांहीं काळ रोगास उतार पडतो, हें दाखविलें. तें औषध ज्या प्रयोगशाळेंतून आलें, तेथील संशोधनाची धुरा आंध्रांतील यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. मुंबईंत १९५१ सालीं डॉ. दाराब जस्सावाला व नवल टाटा यांनीं इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली, आणि १९६३ पासून शहरांतील कर्करोग्यांची पद्धतशीर नोंदणी सुरू झाली. दुर्मिळ रोगास या नोंदणीचें महत्त्व विशेष. कारण जो मोजला जात नाहीं, तो रोगी कोणाच्या हिशेबांतच धरला जात नाहीं. पुढें १९८३ सालीं टाटा रुग्णालयांत अस्थिमज्जारोपण यशस्वी झालें. परंतु हा उपाय कठीण, खर्चाचा, आणि जुळणारा दाता मिळेल तरच करण्याजोगा.

दीर्घ मुदतीच्या रक्तकर्करोगाचें मूळ मात्र शास्त्रज्ञांस हळूहळू सांपडत होतें. १९६० सालीं फिलाडेल्फिया शहरांत या रुग्णांच्या पेशींत एक आंखूड गुणसूत्र दिसून आलें. १९७३ सालीं शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनीं दाखविलें कीं, नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची ही अदलाबदल आहे. या चुकीच्या सांध्यांतून एक विपरीत प्रथिन निर्माण होतें आणि तें पेशींस ‘वाढा, वाढा’ अशी आज्ञा अखंड देत राहतें. इमॅटिनिब हें औषध त्या प्रथिनाच्या मर्मस्थानीं बसून ती आज्ञा थांबवितें. १९९० नंतरच्या दशकांत डॉ. ब्रायन ड्रकर यांनीं त्याचे प्रयोग रुग्णांवर केले, व मे २००१ मध्यें अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. पूर्वीं ज्या रोगांत आयुष्याची गणना थोड्या वर्षांत होई, त्यांत रोज गोळी घेऊन संसार व नोकरी करणें पुष्कळांस शक्य झालें.

येथें तिसरी अडचण उभी राहिली, ती किमतीची. नोव्हार्टिस कंपनीच्या या औषधास भारतांत महिन्याकाठीं सुमारें १ लाख २० हजार रुपये पडत. देशी कंपन्यांचें तेंच औषध सुमारें ८ ते १० हजारांत मिळे. औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर एकस्व मिळावें, असा कंपनीचा अर्ज होता. त्यास विरोध करणाऱ्यांत देशी कारखानदार तर होतेच. पण १९६९ पासून मुंबईंत रुग्णसेवा करणारी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्थाही होती. आजाऱ्यास फळें व धीर देणारी संस्था कायद्याच्या रणांगणांत उतरली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. जानेवारी २००६ मध्यें चेन्नईच्या कार्यालयानें अर्ज फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आफताब आलम व रंजना देसाई यांनीं कंपनीचें अपील नाकारलें. जुन्याच द्रव्याच्या नव्या रूपानें गुण वाढत नसेल, तर एकस्व नाहीं, हें तत्त्व कायम झालें. न्यायाच्या दृष्टीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्याच कंपनीनें मॅक्स फाउंडेशनच्या द्वारें हजारों भारतीय रुग्णांस हें औषध विनामूल्य पुरविलें.

या फाउंडेशनच्या नांवामागेंही एक शोककथा आहे. मॅक्स रिव्हारोला हा मुलगा १९९१ सालीं, सतरा वर्षांचा असतांना, याच रक्तकर्करोगानें गेला. त्याच्या कुटुंबीयांनीं १९९७ सालीं अमेरिकेंत ही संस्था काढली. भारतांत विजी वेंकटेश यांच्या पुढाकारानें तिच्या छायेखालीं ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा रुग्णांचा मित्रसंघ उभा राहिला. निरनिराळ्या शहरांत रुग्ण व त्यांचे सोबती एकत्र जमतात. गोळीनें मळमळ झाली तर काय करावें, तपासणीचा कागद कसा वाचावा, बरें वाटूं लागलें म्हणून गोळी चुकविल्यास रोग कसा उलटतो, हें अनुभवी रुग्ण नवख्यास सांगतो. पुस्तकांत तीच माहिती असते. परंतु दहा वर्षें त्या रोगासह जगलेला माणूस समोर बसून बोलतो, तेव्हां ऐकणाऱ्यास प्रथमच वाटतें कीं, आपणही दहा वर्षांचा विचार करावा.

आज परळास येणाऱ्या परगांवच्या रुग्णांस दादरची गाडगे महाराजांच्या नांवची धर्मशाळा आसरा देते. उपचाराच्या खर्चासाठीं २०१२ सालीं राज्य सरकारनें आरंभिलेली व २०१७ सालीं महात्मा जोतीराव फुले यांचें नांव दिलेली जनआरोग्य योजना आहे. रुग्णालयांतील समाजसेवा विभागांत या सर्वांची चौकशी करतां येते. रुग्णानें तेथें जाण्यास संकोच करूं नये. सोबत्याचा सल्ला धीरासाठीं घ्यावा. औषधाचें प्रमाण मात्र वैद्यानेंच ठरवावें. १९३१ सालीं जें ज्ञान लेडी मेहेरबाईंस मिळूं शकलें नाहीं, तें आज बदलापूरहून सकाळच्या गाडीनें निघालेल्या साध्या उतारूस मिळूं शकतें. त्याच्या पिशवींतील गोळ्यांच्या पाकिटामागें शास्त्रज्ञांचे श्रम आहेत आणि न्यायालयाचा निर्णय आहे. पण त्याहून आधीं, आपलें दुःख दुसऱ्याच्या वांट्यास येऊं नये म्हणून झटलेलीं माणसें आहेत. सायंकाळीं परत येतांना त्याच डब्यांत एखादा घाबरलेला नवा रुग्ण भेटला, तर जुन्यानें त्यास जवळ बसवून घ्यावें. हा इतिहास तेवढ्यानें एक पाऊल पुढें जातो.