अर्थकेंद्रीकरण, प्रादेशिक (बुलढाणा जिल्हा)

व्यापार, किमती आणि लोकांचे स्थलांतर यांच्या परस्परपरिणामाने एखाद्या मुलखातील उद्योग व संपत्ती मोजक्याच ठिकाणी साठत जाण्याची प्रक्रिया. पॉल क्रुगमन यांनी १९९१ साली तिला गणिती रूप दिले. वऱ्हाडात मात्र ती त्याआधी शंभराहून अधिक वर्षे प्रत्यक्ष घडत होती.

अजिंठ्याच्या डोंगररांगेने हा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा विभागला आहे. मेहकरचे विणकर आणि देऊळगावराजाची पेठ यांच्यामुळे पूर्वकाळी घाटमाथ्याचा लौकिक घाटाखालच्या पूर्णाकाठाहून उणा नव्हता. खामगावात १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी दुकाने थाटली, ती तूप, सूत आणि थोड्याशा कापसाची. पुढे १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी अंमलात आले, अमेरिकेतील यादवीने (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडून भाव कडाडले, आणि त्याच दशकात नागपूरकडे जाणारा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून गेला; तेव्हा मुख्य मार्गापासून दूर राहिलेल्या खामगावासाठी, तेथील पेठ आधीच मातब्बर झालेली असल्यामुळे, जलंबहून ८ मैलांचा स्वतंत्र फाटा काढण्यात आला व १८७० मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनी तो खुला केला. पेठेमुळे रूळ आले आणि रुळांमुळे पेठ वाढली, हेच या प्रक्रियेचे मर्म होय.

कापसाचा भाव लिव्हरपूलच्या बाजारातून येणाऱ्या तारेवर ठरू लागला. गाडीभाडे, अडत व तोलाई वजा जाऊन उरेल तेच कास्तकाराच्या पदरी पडे, म्हणून घाट उतरून येणाऱ्याला अंतराचा भुर्दंड सोसावा लागे. कापसाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश सरकी असल्याने ती वेगळी करून रुईच्या गाठी बांधण्याचे कारखाने रुळालगतच उभे राहिले. त्यांच्यामागोमाग मारवाडी सावकार, अडते, हमाल व मजूर आले, आणि कापसाच्या पैशाबरोबर चांदीचा व्यापारही खामगावात रुजला.

तथापि सर्वांत किफायतीचे काम, म्हणजे सूत व कापड काढणे, मुख्यतः मुंबईकडेच राहिले. या जिल्ह्याचे खरे नुकसान, आमच्या मते, तेथे झाले. १९७२ पासूनच्या राज्य सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीने प्रतवारीनुसार सर्वत्र सारखा भाव देऊ केला, परंतु उद्योगाचे ठिकाण काही हलले नाही. घाटावरचा तरुण आज पुणे-मुंबईची वाट धरतो. आणि चिखली, देऊळगावराजा या गावांना रुळांशी जोडणाऱ्या खामगाव–जालना मार्गाची मागणी शतकभर चालू आहे.